दरबारातला प्रश्न

"किसी का कोई पॉइंट?" सीओ साहेबांनी विचारलं.

दरबार संपत आला होता. फौजेतला दरबार म्हणजे महिन्यातून एकदा सगळ्या पलटणीनं मोठ्या शेडमध्ये मांडी घालून बसायचं आणि पलटणीच्या मुख्य साहेबांचं भाषण ऐकायचं. सुट्ट्या, शिस्त, मच्छरदाण्या, मोबाइलचा वापर. शेवटी साहेब हा प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर गप्प बसणं हे असतं. फार तर आदल्या दिवशी पढवून ठेवलेला एखादा जवान उठतो, कँटीनमध्ये साबण मिळत नाही म्हणतो, साहेब सामानसुमान सांभाळणाऱ्या क्वार्टरमास्टरकडे बघतात, क्वार्टरमास्टर मान डोलावतो आणि लोकशाही पार पडते. त्या दिवशीही साबणवाला उठून, बोलून, खाली बसला होता.

मग मी उठलो.

मी तेव्हा हवालदार होतो. हवालदार रणजित आनंदराव कणसे, जिल्हा सातारा. वायरलेसचं काम बघायचो. बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढले होते, नावावर एकही शिक्षा नव्हती, पेन्शनला थोडीच वर्षं उरली होती. गप्प बसलो असतो तर आज सुभेदार होऊन घरी आलो असतो.

"साब," मी हिंदीत म्हणालो, "सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय. दोन पुरुषांचं नातं आता गुन्हा नाही. तो निकाल आपल्याला लागू आहे का?"

निकाल येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. बाहेर लोक रस्त्यावर नाचले होते. मी बराकीत पांघरुणाखाली मोबाइलवर ते नाच बघितले होते. बेळगावात माझा एक माणूस होता, शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याचं नाव इथे सांगत नाही, त्याचं त्याला आयुष्य आहे. तो फोनवर म्हणाला होता, "अरे, विचारून तर बघ. तुमचे साहेब दर महिन्याला विचारतात ना, काही अडचण आहे का म्हणून?" शाळामास्तर तो, त्याला वाटलं विचारतात म्हणजे उत्तर देत असतील. आणि मी फौजेत एवढी वर्षं काढूनही त्याच्यावर विश्वास ठेवला.

साहेबांनी चष्मा काढला.

"तुम क्यों पूछ रहे हो?"

इथे अजून सुटता आलं असतं. सहज, पेपरात वाचलं म्हणून, असं म्हणायचं आणि खाली बसायचं.

"अपने लिए, साब," मी म्हणालो.

मागे कोणीतरी खिदळलं आणि लगेच गप्प झालं. पहिल्या रांगेतून सुभेदार मेजर शेडगे साहेब उठले, सगळ्यांना उभं केलं आणि दरबार मोडला. साहेब माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मला वायरलेसवरून काढून स्टोअरला घातलं. लोक माझ्या शेजारी जेवायला बसेनात. मग इस्पितळात पाठवलं, डोक्याच्या डॉक्टरकडे. त्या डॉक्टरनं प्रामाणिकपणे लिहून दिलं की हा माणूस ठणठणीत आहे. त्यामुळे वेडा ठरवून काढायची वाटही बंद झाली, आणि एक दिवस हातात कागद पडला. बेशिस्त वर्तन, सेवेची आवश्यकता नाही. दरबाराचा, प्रश्नाचा, निकालाचा त्यात अवाक्षरानंही उल्लेख नव्हता.

मी सैन्यदलांच्या न्यायाधिकरणात गेलो. माझ्या वकील नाझनीन मुकादम मूळच्या रत्नागिरीकडच्या, मुंबईत वाढलेल्या, बोलायला तिखट आणि कामाला त्याहून. फी किती घेणार असं विचारलं तर म्हणाल्या, "आधी केस उभी राहते का ते बघू." सैन्याच्या कायद्यात अशा नात्यांवर अजून असलेली बंदी आता घटनेत बसते का, हा प्रश्न त्यांना लढवायचा होता. मलाही. मला नोकरी परत हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त मला कोणाच्या तरी सहीशिक्क्याचं उत्तर हवं होतं. मी विचारलं होतं, मला उत्तर द्या. हो म्हणा, नाही म्हणा, पण द्या.

पलटणीचं उत्तर आलं ते वाचून मुकादम मॅडम बराच वेळ पेन चावत बसल्या.

"कणसे, हे लोक म्हणतात की दरबारात असा प्रश्न कोणी विचारलाच नाही."

"सगळी पलटण बसली होती मॅडम."

"असेल. पण बघा त्यांची चाल. तुम्ही विचारलंच नाही, म्हणजे त्या कारणासाठी तुम्हाला काढलंच नाही. त्या कारणासाठी काढलं नाही, म्हणजे बंदी बरोबर की चूक हे तपासायची न्यायाधिकरणाला गरजच नाही. सगळं घोडं इथेच अडणार. मला एक साक्षीदार द्या. दरबारात बसलेला एक माणूस, जो शपथेवर सांगेल की हा उठला आणि याने हे विचारलं. एवढं झालं तर पुढचं मी बघते."

मी फोन करत सुटलो. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो होतो त्यांनी फोन उचलले नाहीत. ज्यांनी उचलले त्यांनी कानावर हात ठेवले. एक जण रडवेला होऊन म्हणाला, "भाऊ, पोरं लहान आहेत रे माझी."

राहिले एकटे शेडगे साहेब. गणपत शेडगे, कराडचे. ते दरम्यान निवृत्त झाले होते, पेन्शन हातात पडली होती, त्यांचं कोणी वाकडं करू शकत नव्हतं. पण माझा आवाज ऐकला की तेही फोन ठेवायचे. त्यांना बोलतं करू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

माझे वडील, म्हणजे आबा, सुभेदार आनंदराव कणसे, आयुष्यभर ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होते. उस्ताद म्हणजे नव्यानं भरती झालेल्या रंगरूटाला माणसात आणणारा. बूट कसे बांधायचे इथपासून गोळी कशी खायची इथपर्यंत सगळं तो शिकवतो. माणूस पुढे कितीही मोठा झाला तरी उस्ताद समोर आला की त्याचा रंगरूट होतो. आमच्या जिल्ह्यातले निम्मे फौजी आबांच्या हाताखालून गेलेले. शेडगे साहेब त्यांतले सगळ्यात लाडके. आबांनी त्यांना पहिल्या दिवशी थोबाडीत मारली होती आणि ते ती अजून कौतुकानं सांगायचे.

मी घरी आलो तेव्हा आबांनी गावात सांगून टाकलं होतं की रणजितनं शेतीसाठी लवकर निवृत्ती घेतली. शेती म्हणजे दीड एकर ज्वारी. आई तेव्हा हयात नव्हती, नाहीतर तिनं मला आत तरी घेतलं असतं. मी पुण्यात खोली करून राहिलो. त्यामुळे शेडग्यांसाठी मी गावी गेलो तेव्हा दारात उभं राहूनच बोलायची तयारी ठेवली होती. पण आबा म्हणाले, "ये."

ते ओसरीवर बूट पॉलिश करत बसले होते. मी समोर बसलो आणि साक्षीदाराचं सगळं सांगितलं.

"तू नेमकं काय बोललास दरबारात?" त्यांनी विचारलं. "शबुदाला शबुद सांग."

मी सांगितलं. बापाच्या तोंडावर हे मी पहिल्यांदाच बोलत होतो. पलटणीसमोर बोलताना घाम फुटला नव्हता तेवढा तिथे फुटला.

"आन् सायबानं इचारलं नसंल, तू का इचारतोस म्हनून?"

"विचारलं. अपने लिए, म्हणालो."

ब्रश थांबला. आबा बुटाच्या टोकाकडे बघत राहिले.

"गनपत हुता तिथं?"

"पहिल्या रांगेत."

"बरं." ब्रश पुन्हा चालू झाला. "गनपतचं माझ्यावर सोड. तू जा निवांत. तारीख काय ती कळव."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. पुण्याच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडलो. इतका आनंद मला त्याआधी किंवा नंतर कधी झालेला नाही. बेळगावला फोन करून म्हटलं, "आबा आपल्या बाजूनं आहेत." तो म्हणाला, "आपल्या?" आणि हसला. मीही हसलो.

सुनावणीच्या दिवशी आबा आले ते निळा कोट, रेजिमेंटचा टाय आणि छातीवर सगळी पदकं लावून. बरोबर शेडगे साहेब, तसेच कडक कपड्यांत, फक्त चेहरा उतरलेला. मुकादम मॅडम माझ्या कानाशी लागल्या. "हे तुमचे वडील? अहो, मग आधी नाही का सांगायचं? असा बाप मागे बसला की समोरच्याला बोलणं अवघड जातं." त्यांनी आबांना नमस्कार केला. आबांनी त्यांना खाडकन सलाम ठोकला. त्या खूश झाल्या.

शेडगे साहेबांनी शपथ घेतली.

"त्या महिन्यात दरबार झाला होता?" मॅडमनी विचारलं.

"झाला होता."

"तुम्ही हजर होता?"

"पहिल्या रांगेत."

"शेवटी कमांडिंग ऑफिसरनी जवानांना विचारलं, कोणाचा काही पॉइंट आहे का?"

"विचारलं. दर वेळी विचारतात."

"मग काय झालं?"

शेडग्यांनी न्यायाधीशांकडे बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. त्यांची नजर मागच्या बाकावर गेली, जिथे आबा बसले होते.

"एक जवान उठला," ते म्हणाले. "कँटीनमध्ये साबण मिळत नाही म्हणाला."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर दरबार संपला."

"हवालदार कणसे उठले नाहीत?"

"कोणी उठलं नाही."

मॅडमनी पुन्हा विचारलं, फिरवून विचारलं, शपथेची आठवण दिली. शेडगे साहेब भिंतीसारखे उभे राहिले. कोणी उठलं नाही. कोणी काही विचारलं नाही. पलटणीच्या वकिलाला उलटतपासणीची गरजच पडली नाही, तो म्हणाला आमचे काही प्रश्न नाहीत. मी मागे वळून बघितलं. आबा ताठ बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, रंगरूटाची गोळी निशाण्यावर लागली की उस्तादाला होतं तसं.

बाहेर जिन्यापाशी मी दोघांना गाठलं.

"शेडगे साहेब, तुम्ही माझ्यापासून चार हातांवर होता."

"रणजित, माफ कर बाबा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "उस्ताद घरी आले. मी त्यांना नाही कसं म्हणू?"

"त्याला कशाला इचारतोस?" आबा म्हणाले. "मी सांगितलंय त्याला. मला इचार."

"का आबा?"

"आरं, कोरटात एकदा लिवलं गेलं की जलमभर ऱ्हातं. तुझ्या नावाफुडं, माझ्या नावाफुडं. आता कुठंच न्हाई ते. तू इचारलंच न्हाईस. संपलं." ते मला समजावून सांगत होते, अगदी मायेनं, लहानपणी सायकल शिकवताना सांगायचे तसं. "आन् तू हरत न्हाईस. मी माझ्या जुन्या सायबास्नी जाऊन भेटलोय. ते म्हनाले, पोराला नोटीस दिल्याबिगार काढलंय, तेवढ्यावर हुकूम रद्द हुतोय. पेन्शन मिळंल, मान मिळंल. आनखी काय पायजे?"

"मला हे नको होतं."

"मला पायजे हुतं," आबा म्हणाले.

"तुम्ही शेडग्यांना शपथेवर खोटं बोलायला लावलंत. तुम्ही. मी आठ आण्यांचं खोटं बोललो तर पट्ट्यानं मारायचात."

"हां, लावलं. जलमात पयल्यांदा लावलं." आबा म्हणाले. "कुनासाठी लावलं ते बघ की लेका."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की हात शिवशिवले. आणि त्यातलं वाईट हे, की ते खोटं बोलत नव्हते. माझ्यासाठीच केलं होतं त्यांनी. माझा मान वाचवण्यासाठी त्यांनी मला पुसून टाकलं होतं, आणि वर मी आभार मानावेत म्हणून वाट बघत जिन्यात उभे होते.

निकाल आबांच्या जुन्या साहेबांनी सांगितला तसाच लागला. नोटीस न देता सेवेतून कमी केलं, म्हणून आदेश रद्द. अर्जदार पेन्शनपात्र मुदतीपर्यंत सेवेत होता असं समजावं. बाकी, दरबारात तसा प्रश्न विचारल्याचं सिद्ध होत नसल्यामुळे बंदीच्या वैधतेचा मुद्दा उपस्थित होत नाही.

"तुम्ही जिंकलात, कणसे," मुकादम मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन करावं की नाही ते मला कळत नाहीये. माझ्याकडे आणखी दोन फौजी आहेत, तुमच्या निकालाकडे डोळे लावून बसले होते. त्यांना काय सांगू?"

"उपस्थित होत नाही म्हणून सांगा."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी फाईल मिटली आणि चहा मागवला.

बेळगावला मी निकाल पाठवला. त्यानं तो सबंध वाचला, मास्तर असल्यामुळे. रात्री फोन केला. "म्हणजे तू विचारलंच नव्हतंस," तो म्हणाला.

"तुला माहीत आहे मी विचारलं होतं."

"मला माहीत आहे. पण तू जिंकलास ते विचारलं नाहीस म्हणून. आता तू काय करणार? पेन्शन घेणार ना?"

"घेणार. मग काय करू?"

"घे. घ्यायलाच पाहिजे," तो म्हणाला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो समजुतीनं बोलला, आणि त्यानंतर त्याचे फोन कमी होत गेले, आणि मग थांबले.

गावात मात्र दिवाळी होती. आबांनी पेढे वाटले. माजी सैनिकांचा वार्षिक मेळावा समाजमंदिरात भरतो, त्यात माझा सत्कार ठरला. मी नको म्हणत होतो, आबा म्हणाले, पत्रिका छापून झाल्यात. गेलो. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. समोर आमच्या पंचक्रोशीतले सगळे जुने फौजी, पदकं लावून, काही काठ्या घेऊन. पहिल्या रांगेत आबा, त्यांच्या बाजूला शेडगे साहेब.

सरपंच म्हणाले, "आपले रणजितराव अन्यायाविरुद्ध लढले आणि त्यांनी न्याय मिळवला." टाळ्या पडल्या. कोणता अन्याय हे कोणी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. ते सगळ्यांना माहीत होतं, हे मला समोरच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. आता कागदावर नाही म्हटल्यावर सगळे मोकळे झाले होते. आमचे एक चुलते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वाईकडचं एक स्थळ हाय. पोरगी बीएस्सी झालीया. आता नड काय ऱ्हायली न्हाई."

मग सूत्रसंचालकानं माईक माझ्या हातात दिला. सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत.

मी बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. पण ते स्थळ माझ्या कानात होतं, आणि शेडगे साहेब माझ्याकडे बघून हसत होते, झालं गेलं विसरलेल्या माणसासारखे.

"मंडळी," मी म्हणालो, "मी दरबारात एक प्रश्न विचारला होता. कोर्टात सांगितलं गेलं की विचारला नव्हता. ते खोटं आहे. मी विचारला होता. आज तुम्हा सगळ्यांसमोर तो पुन्हा विचारतो. मी असं विचारलं होतं, की जर दोन पुरुष..."

आबा उठले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण छाती भरून त्यांनी हुकूम सोडला.

"परेड, सावधान!"

खुर्च्या सरकल्या. सगळे म्हातारे एकदम उभे राहिले. काठ्या बगलेत गेल्या, टाचा जुळल्या. माझ्याही जुळल्या. हात पँटच्या शिवणीला लागले, हनुवटी वर गेली, तोंड मिटलं. मी यातलं काहीच ठरवून केलं नाही. माईक कधी खाली गेला तेही मला कळलं नाही. मी बोलायला बघत होतो, आणि सावधानमध्ये बोलायचं नसतं.

आबांनी स्वतःच्या घोगऱ्या आवाजात राष्ट्रगीत सुरू केलं. सगळ्यांनी उचललं. मीही म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता. गाणं संपलं तसे मागचे लोक पंगतीच्या दिशेनं सरकायला लागले. मांडववाल्यानं माझ्या पायाजवळचा माईक उचलला आणि वायर गुंडाळली. मी तसाच उभा होतो.

आबा व्यासपीठावर आले. त्यांनी माझा वाकडा झालेला फेटा दोन्ही हातांनी नीट केला. त्यांचे डोळे ओले होते.

"विश्राम," ते हळूच म्हणाले.

तेव्हा कुठे मला हलता आलं. तोवर बहुतेक लोक जेवायला बसले होते.